संगणकसेवेतील अपव्यय आणि निदानपरिवर्जन

रुग्णालयात संगणक आला म्हणजे वैद्याचा वेळ वाचेल, ही अपेक्षा अनेक ठिकाणी फोल ठरली आहे. एकाच रुग्णाचे नाव, वय व पत्ता नोंदणीकक्षात, बाह्यरुग्ण विभागात, पंचकर्म विभागात आणि औषधालयात पुन्हा पुन्हा भरावे लागतात. दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेचा वेळ पडद्याकडे पाहण्यात खर्ची पडतो. म्हणूनच हा विषय केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही, असे आम्हांस वाटते.

जपानच्या टोयोटा कारखान्यात ताइची ओहनो यांनी विकसित केलेल्या उत्पादनपद्धतीला १९८८ मध्ये ‘लीन’ हे नाव मिळाले. अपव्यय ओळखून तो दूर करणे हा तिचा गाभा होय. अतिउत्पादन, प्रतीक्षा, अनावश्यक वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि सदोष निर्मिती असे अपव्ययाचे सात प्रकार ओहनो यांनी सांगितले. अमेरिकेतील सिएटल येथील व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००२ पासून ही पद्धत रुग्णसेवेत आणली. रुग्णास धोका दिसताच कोणत्याही कर्मचाऱ्याने काम थांबवून सूचना द्यावी, हा कारखान्यातील नियमही तेथे स्वीकारला गेला.

संगणकसेवेत हे अपव्यय सहज दिसतात. कोणीही न वाचणारे अहवाल हे अतिउत्पादन, बिघाड दुरुस्त होण्याची वाट पाहणे ही प्रतीक्षा, तर न सुटलेल्या तक्रारींचा ढीग हा साठा होय.

‘का?’ हा प्रश्न पाच वेळा विचारावा, असे ओहनो सांगत. समजा, औषधालयापुढे रांग लागते. का? औषधाचे नाव संगणकातील यादीत लवकर सापडत नाही. का? एकाच कल्पाची नोंद तीन नावांनी झाली आहे. का? यादी सांभाळण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नाही. अशा वेळी नवा संगणक घेणे ही केवळ लाक्षणिक चिकित्सा ठरेल. सुश्रुतसंहितेने सांगितलेले निदानपरिवर्जन येथेही लागू पडते.

नोंद एकदाच, पण प्रमाण संज्ञेत व्हावी, हे यातील मुख्य सूत्र. आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ पोर्टलवर व्याधींच्या प्रमाण संज्ञा व संकेतांक उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२४ मध्ये आयसीडी-११ मधील पारंपरिक वैद्यकाचा दुसरा विभाग प्रसिद्ध करून आयुर्वेद, सिद्ध व युनानी व्याधिसंज्ञांना त्यात स्थान दिले. विस्कळीत नोंदींमुळे आपले चिकित्सानुभव या मोजदादीबाहेर राहिले, तर ती हानी शास्त्राचीच होईल.

मात्र काटकसरीच्या नावाखाली प्रकृती, अग्नी व कोष्ठ यांच्या नोंदींवर गदा येता कामा नये. अपव्यय कोणता, हे रुग्णहितावरूनच ठरावे. सभासद वैद्यांनी आपल्या रुग्णालयातील एका रुग्णाचा नोंदणीपासून औषध मिळेपर्यंतचा मार्ग कागदावर उतरवावा आणि एकच माहिती किती ठिकाणी लिहिली जाते, ते मोजावे. नव्या यंत्रसामग्रीची मागणी करण्यापूर्वी एवढे निदान अवश्य व्हावे.