शकुंतलेच्या बंद स्टेशनावर फोटो काढायला जाताय? आधी हे वाचा

मूर्तिजापूर : यवतमाळ, दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अचलपूर या पट्ट्यातले पोट्टे मोबाईल घेऊन शकुंतलेच्या बंद स्टेशनांवर जातात, पडक्या भिंतीला टेकून फोटो काढतात अन् परत येतात. जायला हरकत नाही, पण तिथं बघण्यासारखं बरंच आहे, ते नजरेतून सुटतं.

ही लाईन कापसासाठी टाकलेली. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला नेला, दुसरा अचलपूरला. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला यायचा, तिथून मोठ्या लाईनीने मुंबई आणि पुढं जहाजाने मँचेस्टर. गंमत अशी की गाडी ओढणारं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ साली बनलेलं. ते १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. काही वर्षांपूर्वी दोन्ही फाट्यांवरची गाडी थांबली. रूळ रुंद करायची घोषणा झाली, लाईन सुरू व्हावी म्हणून आंदोलनंही झाली.

तोवर स्टेशनांचे हाल कुत्रं खात नाही. कुठं दारं-खिडक्या गेल्या, कुठं कौलं फुटली, कुठं भिंतीवर कोळशाने बदाम काढून नावं लिहिली. उद्या रुंद लाईन झाली तर जुनी इमारत पाडतील, नाही झाली तर भंगारवाला आहेच. म्हणजे काहीही झालं तरी आज दिसतं ते पुढं दिसेलच असं नाही. म्हणून फोटो नुसते सेल्फीपुरते नकोत.

काय बघायचं? आधी रूळ. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मोठ्या लाईनीचं साडेपाच फूट असतं. रुळाच्या उभ्या बाजूवर बनवणाऱ्या कारखान्याचं नाव आणि साल उठावात असतं. मऊ ब्रशने माती झाडा, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घ्या, अक्षरं उठून दिसतात. दुपारी बाराला तोच फोटो सपाट येतो. मग स्टेशनची पाटी. गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तिकिटाची खिडकी राहिली असेल तर तिचा फोटो आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून घ्या. इंजिनात पाणी भरायचा नळखांब कुठं उभा असेल तर तो सोडू नका. शेजारी माणूस उभा करा, म्हणजे उंची कळते.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की बारीक होतो आणि त्यातली तारीख, ठिकाणाची नोंद निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फोटो वेगळा जपून ठेवा.

आता कायद्याचं. गाडी बंद आहे म्हणून जागा बेवारस झाली असं अनेकांना वाटतं. तसं नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या जागेत परवानगीशिवाय शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आठवण म्हणून एक खिळा उचलला तरी ते रेल्वेचं सामान, आणि त्याचा १९६६ चा कायदा कडक आहे : पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा. तेव्हा आत जायचं तर रेल्वेची परवानगी काढा. ही लाईन भुसावळ विभागाची. परवानगी नसेल तर सडकेवरून, फाटकापाशी उभं राहूनही चांगले फोटो येतात.

परवानगी मिळाली तरी एकट्याने जाऊ नका. छताखाली उभं राहण्याआधी वर बघा, लाकूड वाळवीने पोखरलेलं असतं. पडक्या खोलीत साप अन् मधमाश्या दोन्ही सापडतात. पावसाळ्यात तर गवतात विहिरीचं तोंडही दिसत नाही.

परत आल्यावर एक काम राहतं. लाईनीवर गँगमन, पोर्टर म्हणून राबलेली माणसं गावोगाव आहेत. वाफेचं इंजिन हाताळलेली तर आता साठीच्या पुढंच असणार. त्यांना फोटो दाखवा, ही खोली कशाची, हा खांब कशाचा ते विचारा. बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि फोटोसोबत स्टेशनचं नाव, तारीख, सांगणाऱ्याचं नाव लिहून ठेवा.