एमएच-२९ची गाडी

आमच्या यवतमाळात कुणी नवी गाडी काढली की लोक दोनच गोष्टी विचारतात. कितीला पडली? आणि अ‍ॅव्हरेज काय देते? रविवारी सकाळी पोस्टल ग्राउंडजवळच्या टपरीवर जमणारं आमचं सात-आठ जणांचं टोळकं तिसरा प्रश्न विचारतं, आणि तो ऐकून पेढे घेऊन आलेल्या मालकाचा चेहरा उतरतो. टायर कोणत्या आठवड्याचे आहेत?

टोळक्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, झेडपी शाळेतले एक गुरुजी आहेत, वणीकडे कोळशाच्या ट्रकांचा हिशेब पाहणारा एक जण आहे, अजून लायसन्स न मिळालेला पण सगळ्या इंजिनांची हॉर्सपॉवर पाठ असलेला कॉलेजातला एक पोरगा आहे आणि आमचे मिस्त्री आहेत. मिस्त्रींना नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. गॅरेज उघडण्याआधीचा एक तास ते आम्हाला देतात आणि त्या तासाभरात आमच्या निम्म्या इंटरनेटी ज्ञानावर बोळा फिरवतात.

गाड्यांचं एवढं वेड यवतमाळात का, याचं उत्तर रेल्वेच्या वेळापत्रकात आहे. म्हणजे ते वेळापत्रकच नाही, यात आहे. इंग्रजांनी कापूस वाहून न्यायला टाकलेली यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज, आपली शकुंतला, मँचेस्टरला १९२१मध्ये बनलेल्या वाफेच्या इंजिनावर १९९४पर्यंत धावली, मग डिझेलवर रखडली आणि शेवटी थांबली. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा ब्रॉडगेज मार्ग होतो आहे. २८ फेब्रुवारी २०२४ला वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली, तेव्हा आमच्यातले दोघे मुद्दाम मोटारीने कळंबला जाऊन ती पाहून आले. रेल्वे बघायला मोटारीने जाणं, हीच आमची गत. जिल्हा १६ तालुक्यांचा. वणीहून उमरखेडला जायचं तर दोनशेहून जास्त किलोमीटर तुडवावे लागतात. नागपूरचा मोठा दवाखाना दीडशे किलोमीटरवर. अशा ठिकाणी गाडी हा शौक उरत नाही.

म्हणून इथल्या गाड्यांच्या आठवणी शोरूमच्या नाहीत, लोड वाहण्याच्या आहेत. बजाज टेम्पो कंपनीची मेटाडोर बाजारातून जाऊन किती वर्षं झाली, पण आमच्याकडे आजही कोणत्याही कंपनीच्या छोट्या मालगाडीला मेटाडोरच म्हणतात. महिंद्राची कमांडर आणि बजाजचीच ट्रॅक्स काळीपिवळी होऊन खेड्यांच्या रस्त्यांवर धावल्या. आत दहा, मागे लटकलेले चार, ड्रायव्हरच्या उजव्या अंगाला एक. काकांनी पहिली मारुती ८०० जुनीच घेतली होती. तिच्यात बसून सहा जण माहूरला जाऊन आले, आणि चढावर चौघांना उतरावं लागलं, हे ते अजून अभिमानाने सांगतात.

आता खरा विषय. नवी गाडी घेतलेले गुरुजी सहा महिन्यांनी तक्रार घेऊन आले. पुढून कटकट आवाज येतो, सर्व्हिसिंगला दाखवलं, ‘नॉर्मल आहे’ म्हणाले. मिस्त्रींनी गाडी दोन्ही हातांनी बॉनेटवर दाबून सोडली, कान लावला आणि म्हणाले, “लिंक रॉड गेला, सर. घाटंजीच्या रोडनं रोज जाऊन राहिले ना तुम्ही? मंग दुसरं काय होईन!”

घाटंजीच्या रस्त्याचाच दोष नाही. दोष त्याच्या खाली आहे. आपली काळी माती कापसाला सोन्यासारखी, रस्त्याला मात्र वैरीण. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पितं तेव्हा फुगतं आणि उन्हाळ्यात सुकून आकसतं, इतकं की शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं डांबर दर वर्षी असं उचललं जातं नि खाली बसतं. खड्डा नसलेल्या रस्त्यावरही गाडी होडीसारखी डुलते ती यामुळे. या डुलण्याचा मार बसतो तो बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट आणि शॉकअपवर. शहरातला माणूस ७०-८० हजार किलोमीटरला बदलतो ते सामान आमच्याकडे त्याच्या निम्म्यात आवाज करू लागतं. वणीच्या कोळशाच्या पट्ट्यात तर त्याहून लवकर. मिस्त्रींचा सल्ला साधा आहे. दर दहा हजार किलोमीटरला अलाइनमेंट करा आणि टायरवरून तळहात आडवा फिरवून पाहा. एका बाजूने करवतीसारखे दात लागले तर समजा, खालचं काहीतरी ढिलं आहे. टायर बदलून ते बरं होत नाही.

त्याच रविवारी गुरुजींनी डॅशबोर्डच्या खणातलं कंपनीचं पुस्तक काढलं. प्लास्टिकची पिशवी अजून सीलबंद. सर्व्हिसिंगचा तक्ता सगळ्यांना माहीत होता, पण शेवटाकडे बारीक अक्षरात दुसरा एक तक्ता निघाला. ‘कठीण परिस्थितीत वापर’ असं त्याचं शीर्षक. गुरुजी मराठी करून मोठ्याने वाचू लागले. धुळीचे रस्ते, खडबडीत रस्ते, अतिशय उष्ण हवामान, वारंवार छोट्या अंतराचा प्रवास. असं असेल तर ऑइल लवकर बदला, एअर फिल्टर लवकर बदला. मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. “म्हंजे हे तं आपल्या जिल्ह्याचंच लिहून ठेवलं ना भाऊ!” तेव्हापासून आमच्यात ठरलं आहे, की आपल्याला लागू असलेला तक्ता तो दुसराच. पहिला पुण्या-मुंबईच्या माणसांसाठी. (त्यांचंही ट्रॅफिकमध्ये रांगणं त्या कठीण परिस्थितीतच मोडतं, पण ते त्यांचं ते पाहतील.)

पाण्याची गोष्ट माझीच. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात धामणगावहून येताना करळगावच्या घाटात तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. मी शहाणपणा करून थांबलो, तासभर इंजिन थंड होऊ दिलं, मग टाकीचं झाकण उघडलं. आत पाण्याऐवजी तांबूस गाळ. कूलंट कमी झालं की कुणीतरी, बहुधा मीच, बोअरचं पाणी भरत आलो होतो. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड. तापलं की त्यातला चुना खाली बसतो, जसा माठाच्या तळाशी पांढरा थर दिसतो तसाच. रेडिएटरच्या नळ्या काडीएवढ्या बारीक, त्या बुजतात आणि इंजिनाचं हेड वाकायची वेळ येते. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नव्हे. त्यातला ग्लायकॉल उकळण्याचा बिंदू वर नेतो आणि त्यातली रसायनं गंज रोखतात. अडीअडचणीला भरायचंच झालं तर डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीवाल्याकडे मिळतं ते. मला तेव्हा नवा रेडिएटर बसवावा लागला. बिल किती आलं ते घरी अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

उन्हाळा बॅटरीलाही खातो. लोक समजतात थंडीत बॅटरी मरते. मरते ती उन्हाळ्यातच, थंडीत फक्त सकाळी अंत्यविधी होतो. ४५ अंशांच्या दुपारी बॉनेटखाली आतली रासायनिक झीज भराभर होते, म्हणून पाच वर्षं टिकणारी बॅटरी आमच्याकडे तिसऱ्या वर्षी कुरकुरते. आणि सोयाबीन निघालं, कापूस घरात आला की उंदीर इंजिनात. वायरी कुरतडण्यावर तंबाखूची पुडी, डांबरगोळ्या, जाळी असे सगळे उपाय आमच्यात होऊन गेलेत. पोटाखालून बारीक जाळी ठोकणं हाच टिकला. बाकीचे उंदरांना आवडले असावेत.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात, पण हे थट्टेत नको. २८ सप्टेंबर २०२१ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याच्या पुलावरून एसटीची बस वाहून गेली. एवढी जड बस गेली, तिथे आपली मोटार काय! फूटभर खोल, वेगाने वाहणाऱ्या पाण्यात लहान गाडीची पकड सुटते, दोन फुटांत बहुतेक गाड्या तरंगतात. २०२३च्या जुलैमध्ये यवतमाळ शहरात पाणी शिरलं, तेव्हा अंगणात उभ्या गाड्या बुडाल्या आणि दुसऱ्या दिवशी मालकांनी चावी फिरवून इंजिनं फोडली. बुडालेली गाडी सुरू करायचीच नसते. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. तशीच टोचन करून न्यायची. अशा गाड्या पुढे रंगरंगोटी होऊन जुन्या बाजारात येतात. ओळखायची खूण काकांनी शिकवली. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. धुणारा सगळं धुतो, पण बेल्टच्या गुंडाळीत खोल राहिलेली मातीची रेघ विसरतो.

जुन्या गाड्यांवरून आमच्यात सगळ्यात जास्त भांडणं होतात. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल गाडीवर बंदी, ही बातमी आली की इथेही कुणीतरी घाबरून गाडी मातीमोल विकतो. तो नियम दिल्ली परिसराचा आहे. आपल्याकडे खासगी गाडीची १५ वर्षांनी फिटनेस पाहून पुनर्नोंदणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि गाडी पुढची ५ वर्षं चालवता येते. दिल्ली पासिंगची स्वस्त गाडी दिसली तर एनओसी, कर्जाचा बोजा आणि इथे नव्याने भरायचा कर हे तिन्ही बेरजेत धरा. मग ती फारशी स्वस्त राहत नाही.

नव्या गाड्यांना २२ सप्टेंबर २०२५पासून दिलासा मिळाला. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. आमच्याकडे मात्र गाडीची विक्री जीएसटीपेक्षा कापसाच्या भावावर हलते. २०२२मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, तेव्हा ज्यांनी गाड्या काढल्या त्यांचे हप्ते पुढच्या वर्षीच्या सात हजारांच्या भावात फिटले. कसे फिटले ते त्यांनाच विचारा.

पेट्रोलचं दुखणं वेगळं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलेलं आहे, की जुन्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्क्यांवर बेतलेल्या मोटारींचं अ‍ॅव्हरेज यामुळे ६ ते ७ टक्के घटू शकतं. कारण सरळ आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. उसाची पट्टी पुसद-उमरखेडची, तिकडल्या शेतकऱ्याला चार पैसे मिळाले तर कुणाची तक्रार नाही. पण ते पैसे माझ्या २०१४च्या गाडीच्या रबरी नळ्यांतून का जावेत, आणि साधं पेट्रोल निवडायची सोय पंपावर का नसावी, हा आमच्या टोळक्याचा एकमुखी प्रश्न आहे. एरवी आमचं एकमत फक्त चहा कुणी पाजायचा यावर होतं. तोवर उपाय एवढाच: टाकी महिनोन्‌महिने अर्धवट ठेवून गाडी उभी करू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

विजेच्या गाडीवर सुरुवातीला सगळे हसले. मग काकांनी छपरावर सोलर बसवला आणि गाडीही विजेची आणली. त्यांचा हिशेब असा. नागपूर दीडशे किलोमीटर. पेट्रोलची गाडी १५चं अ‍ॅव्हरेज देते असं धरलं तर हजार रुपयांहून जास्त. विजेच्या गाडीला एसी लावून एका युनिटमध्ये साडेसहा किलोमीटर, म्हणजे २३ युनिट. घरच्या दहा-बारा रुपयांच्या युनिटने अडीचशे-पावणेतीनशे, सोलरचं असेल तर त्याहून कमी. २०२५च्या ऑगस्टपासून समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलही माफ. समृद्धी मात्र आमच्या जिल्ह्याला चाटून गेली. चढायचं तर धामणगाव नाहीतर कारंजा गाठावं लागतं. वणीवाल्याचा आक्षेप खरा आहे, की झरी-जामणीच्या आत चार्जर शोधत फिरणं ही शिक्षा आहे. आमचा निकाल असा: घरी लावायची सोय आणि ठरलेली ये-जा असेल तर घ्या. एकच गाडी असेल आणि रात्री-बेरात्री कुठेही जावं लागत असेल, तर अजून दोन वर्षं थांबा.

आपोआप चालणाऱ्या गाड्यांचं भविष्य पोरगा रंगवून सांगतो. कॅमेरा रेघा पाहतो, रडार पुढची गाडी पाहतं, ब्रेक स्वतः लागतो. वर्धा-यवतमाळ-महागाव या चौपदरी रस्त्यावर ते चालतंही. पण दिवाळीनंतर संध्याकाळी कापसाने भरलेली बैलगाडी, मागे ना दिवा ना लाल पट्टी, आणि पांढरकवड्याकडे टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला अचानक रस्त्यात उडी मारणारा रोही, यांचा धडा त्या संगणकाला अजून कुणी शिकवायचा आहे. मिस्त्री म्हणतात, “आधी रोडवर पट्टे मारा, मंग कॅमेरे लावा.”

तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. टायरच्या भिंतीवर इंग्रजी अक्षरांच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असो, पाच वर्षांनंतर दर वर्षी टायर तपासून घ्या आणि दहाव्या वर्षी बदलाच. हवा थंड टायरमध्ये, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेली तेवढीच. उन्हाळ्यात फुटेल म्हणून कमी ठेवू नका. कमी हवेचा टायर जास्त दुमडतो, जास्त तापतो आणि समृद्धीच्या काँक्रीटवर तोच आधी फुटतो. दिवाळीला पाहुणे आणायला निघण्याआधी हे पान मिटून खाली जा आणि ते चार आकडे वाचून या. स्टेपनीचेही. आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिलं, तेव्हा तिघांच्या स्टेपनीत हवाच नव्हती. त्यातला एक मी.