पोटातलं बाळ घडतं कसं, आणि आपल्या ताटाचा त्यात वाटा किती

मांडवगण फराट्याहून आम्ही बचत गटाच्या कार्यकर्त्या बोलतोय. आजचा विषय आहे पोटातल्या बाळाची घडण. एकदोन शब्द नवे येतील, पण ते स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगतो.

उसाची लागण आपण सगळ्याच करतो. एकाच टिपरीतून खाली मुळ्या सुटतात आणि डोळ्यातून वर कोंब येतो. बेणं एकच, तरी मुळी वेगळी आणि पान वेगळं. माणसाचंही तसंच आहे. आईची एक पेशी आणि वडिलांची एक पेशी मिळून बाळाची पहिली पेशी होते. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार होतात. अशा करोडो पेशींचं बाळ बनतं. प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो, सुमारे २०,००० जनुकांचा. मग एका पेशीचं हृदय आणि दुसरीचं हाड कसं होतं?

जनुक म्हणजे लिहून ठेवलेली पाककृती, आणि प्रथिन म्हणजे त्या कृतीवरून केलेला पदार्थ. वही प्रत्येक पेशीत सारखीच असते. पण पुरणपोळीच्या दिवशी आपण वहीतले सगळे पदार्थ करत नाही, लागेल तेच पान उघडतो. रक्ताची पेशी घडताना हिमोग्लोबिनचं पान उघडतं, तर स्नायूच्या पेशीत ते मिटलेलं राहतं. काही प्रथिनांचं काम तर एवढंच असतं, की योग्य वेळी योग्य पान उघडायचं आणि काम झालं की मिटायचं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिनही वेगळं असतं. ते आईच्या रक्तातून प्राणवायू जास्त जोराने ओढून घेतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते पान हळूहळू मिटतं आणि मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनचं पान चालू होतं.

पान मिटायची एक रीत अशी, की जनुकावर मेथिल नावाची बारीकशी खूण चिकटते. वहीच्या पानाला चिकटपट्टी लावावी तशी. गर्भ राहिल्यावर पहिल्या दिवसांत जुन्या खुणा बऱ्याचशा पुसल्या जातात आणि नव्या लागतात. या खुणा तयार करायला शरीराला फोलेट आणि बी-बारा ही जीवनसत्त्वं लागतात. ती येतात आईच्या ताटातून. इथे आपल्या जेवणाचा संबंध येतो.

यात वेळेला फार महत्त्व आहे. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं तोवर कळलेलंही नसतं.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये अन्नाचा पुरवठा तुटला आणि उपासमार झाली. त्या काळात ज्यांचा गर्भ राहिला, अशा माणसांचं रक्त साठ वर्षांनी तपासलं. वाढीशी संबंधित एका जनुकावर त्यांच्या भावंडांपेक्षा मेथिलच्या खुणा कमी सापडल्या. ज्यांच्या आयांना उपासमार शेवटच्या महिन्यांत सोसावी लागली, त्यांच्यात हा फरक दिसला नाही.

आता आपल्या जिल्ह्याचं ऐका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास केला. गरोदर होण्याआधी त्यांचं सरासरी वजन साधारण ४२ किलो होतं. पूर्ण दिवसांच्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरलं, तर इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन किलोच्या आसपास. आपली बाळं हडकुळी होती, स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने टिकून होती. ज्या आया पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं चांगल्या अंगाची होती. साधारण दर तीन बायकांपैकी दोघींना बी-बारा कमी होतं. ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-बारा कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारी लक्षणं जास्त दिसली. याचा अर्थ फॉलिक ॲसिडची गोळी सोडायची असा नाही. गोळी घ्यायचीच, आणि बी-बाराकडेही बघायचं.

पुढे २०१२ मध्ये त्याच अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींना वयात येताना बी-बारा द्यायला सुरुवात झाली. पुढच्या पिढीची तयारी लग्नाआधीच व्हावी, हा त्यामागचा विचार.

मग आपण करायचं काय?

बाळ हवं असेल, तर दिवस जाण्याच्या निदान एक महिना आधीपासून आणि पुढे पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावं. त्यासाठी आशाताईंशी किंवा आरोग्य केंद्रात बोला. फिट येण्याची औषधं चालू असतील, किंवा आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा, कारण गोळीचं प्रमाण वेगळं लागतं.

मेथी, पालक, डाळी, मटकी, हरभरा यांत फोलेट असतं. भाजी फार वेळ शिजवून पाणी ओतून दिलं, तर ते वाया जातं. बी-बारा मात्र पालेभाजीत आणि डाळीत नसतं. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे आणि मटणात असतं. शाळेत मुलींना दर आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, बी-बारा नसतं.

गोठ्यातलं दूध सकाळी सगळंच डेअरीला जातं आणि घरी चहापुरतं उरतं, अशी घरं आपल्या ओळखीची आहेत. जी बाई धार काढते, तिच्याच वाट्याला पेलाभर दूध येत नाही. ती जेवायलाही शेवटी बसते. बाळ अशक्त झालं की बोल मात्र तिलाच लागतो. पण ताट वाढतं सगळं घर मिळून, तेव्हा जबाबदारीही सगळ्या घराची.

आपण सातव्या महिन्यात डोहाळजेवण हौसेने करतो, ते करूच. पण तोवर बाळाचं हृदय, मेंदू आणि हातपाय आकाराला आलेले असतात. म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या लेकीच्या आणि नव्या सुनेच्या ताटाकडे आजच बघा. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सांगावं, की आपल्या घरातलं किती दूध घरच्या लेकीबाळींसाठी राहतं. अर्धा लिटर जरी मागे ठेवायचं ठरलं, तरी त्या दिवसाची बैठक कारणी लागली.