एक वर्ण गाळताना

दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आपल्या पांगाऱ्याचा एक भाऊबंद वाढतो. शास्त्रीय नाव एरिथ्रिना कॅफ्रा. पहिला शब्द ग्रीक, अर्थ तांबडा. दुसरा आज त्या देशात शिवी आहे.

मूळ अरबी ‘काफिर’. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचे ‘काफ्रे’ झाले (गोव्याचे चिकन कॅफ्रियल याच शब्दाचे अपत्य). स्वीडिश थुनबर्गने झाडाला नाव दिले तेव्हा त्याला प्रदेशच सुचवायचा असावा. पण पुढे गोऱ्यांच्या राजवटीत हा शब्द काळ्या माणसाला हिणवण्यासाठीच उरला. २०१८ मध्ये एका काळ्या पोलिसाला तो वारंवार ऐकवणाऱ्या गोऱ्या बाईला तिथे तुरुंगाची शिक्षा झाली. आणि त्याच देशातल्या काळ्या विद्यार्थ्याने वनस्पतिशास्त्राच्या वर्गात मात्र तो शब्द वहीत उतरवून घ्यायचा!

नाव अप्रिय वाटते एवढ्यावरून ते नाकारता येणार नाही, असा नामकरण-संहितेचा दंडक. नेल्सन मंडेला विद्यापीठातले गिडियन स्मिथ आणि एश्त्रेला फिगेरेदो यांनी त्याला वळसा घातला : ‘कॅफ्रा’तला पहिला वर्ण गाळा, ‘अॅफ्रा’ करा, म्हणजे ‘आफ्रिकेचा’. जुलै २०२४ मध्ये माद्रिदच्या जागतिक अधिवेशनात यावर गुप्त मतदान झाले. बाजूने ३५१, विरुद्ध २०५. दोनशेहून अधिक वनस्पती, शेवाळे व बुरशींची नावे त्यामुळे बदलली.

नावांच्या स्थैर्याला धक्का लागेल, हा विरोधकांचा मुख्य मुद्दा. तो अगदीच पोकळ नाही. पण आपली बाभूळ आठवावी. ‘अॅकेशिया’ हे नाव मुळात तिच्यावर बेतलेले. २००५ च्या व्हिएन्ना अधिवेशनाने ते ऑस्ट्रेलियातल्या जातींसाठी राखले, आणि आपली बाभूळ व्हॅचेलिया झाली. आफ्रिकी वनस्पतिशास्त्रज्ञ तेव्हा बरेच नाराज होते. तात्पर्य, स्थैर्य कोणाच्या सोयीचे हे सभागृहात कोण बसले आहे यावरही ठरते, आणि माद्रिदपर्यंतचे विमानभाडे प्रत्येक देशातल्या अभ्यासकाला परवडत नाही.

माद्रिदने आणखी एक गोष्ट मान्य केली : २०२६ पासून प्रसिद्ध होणारे नवे नाव एखाद्या समाजाचा अपमान करणारे असेल तर ते नाकारता येईल. जुन्या नावांना हा नियम लागू नाही. त्यामुळे गुलामांच्या श्रमांवर गब्बर झालेल्या आणि गुलामगिरीची जाहीर तरफदारी करणाऱ्या जॉर्ज हिबर्टचे नाव ऑस्ट्रेलियातल्या पिवळ्या फुलांच्या ‘हिबर्टिया’ कुळीला अजून चिकटलेले आहे.