हसवणारी माणसं (लेखांक ९) : ऐकणाऱ्याचा चेहरा

मुलगा उभा आहे, बाप बसलेला आहे. मुलाला सिनेमा काढायचाय आणि त्यासाठी बापाच्या तिजोरीतले पैसे हवेत. बापाला सिनेमात काडीचा रस नाही. तरी कटकट मिटावी म्हणून तो म्हणतो, बरं, सांग तुझी गोष्ट. मुलगा भुताची गोष्ट सांगू लागतो.

‘प्यार किये जा’ (१९६६) पाहिलेल्यांना एवढ्यावरून मेहमूद आठवला असेल. हिंदी सिनेमातल्या विनोदी प्रवेशांची यादी कुणीही करो, हा प्रवेश तिच्यात असतोच. विनोदी भूमिकेसाठीचा फिल्मफेअर पुरस्कार सुरू झाला तो १९६७ साली, आणि तो पहिलाच पुरस्कार मेहमूदला याच चित्रपटासाठी मिळाला. योग्यच झालं. पण या प्रवेशाबद्दल बोलताना आपण नेहमी मेहमूदपाशी थांबतो. आज मला त्याच्यासमोर बसलेल्या ओमप्रकाशबद्दल लिहायचंय.

गोष्ट तशी सांगण्याजोगी नाहीच. अंधार, दार, पावलं, संपलं. मेहमूदकडे कथानक नाही, आवाज आहेत. दार तो तोंडानं करकरवतो, पावलंही तोंडानंच वाजवतो. आता नुसता मेहमूद पाहा. आवाज काढण्यात वाकबगार असा एक नकलाकार दिसेल. आपल्याकडे गणपतीत, गॅदरिंगला असे नकलाकार पुष्कळ पाहिलेत आपण. त्यांना टाळी मिळते आणि विषय संपतो. इथं पोट दुखेपर्यंत हसू येतं, कारण प्रत्येक आवाज ओमप्रकाशच्या अंगावरून जातो. आधी कंटाळा, मग नाइलाजानं दिलेलं लक्ष, मग डोळ्यांत शिरलेली भीती. हा श्रीमंत, व्यवहारी माणूस आपल्या घरात बसून, आपल्याच पोराच्या तोंडून निघालेल्या आवाजांना घाबरतो. त्याला जे भूत दिसतं ते आपल्याला दिसत नाही. त्याला ते दिसतंय एवढंच दिसतं. हसू त्याचं येतं.

ओमप्रकाशनं इथं एक अवघड गोष्ट साधली आहे. तो विनोद करत नाही. घाबरण्याचा अभिनय करताना नट प्रेक्षकाकडे हळूच एक डोळा ठेवतो, ‘बघा, मी कसा घाबरलोय’ असं सुचवतो, आणि प्रवेश तिथंच मरतो. ओमप्रकाश खरोखर घाबरतो. आणखी एक: मेहमूदचा जन्म १९३२चा, ओमप्रकाशचा १९१९चा. तेरा वर्षांचं अंतर आणि नातं बापलेकाचं! ते कुठंही खटकत नाही, हेही श्रेय ऐकणाऱ्याच्याच खात्यावर जमा करायला हवं.

हा प्रवेश मुळात तमिळ. श्रीधर यांचा ‘कादलिक्क नेरमिल्लै’ १९६४ साली आला. हिंदी अवतारही त्यांनीच दिग्दर्शित केला. तमिळमध्ये गोष्ट सांगणारा होता नागेश आणि ऐकणारा टी. एस. बालय्या. बालय्या १९३६च्या ‘सती लीलावती’पासून पडद्यावर होते आणि खलनायकी भूमिकांनी त्यांचं नाव झालं होतं. ज्या चेहऱ्यानं इतरांना धाक घातला, तोच चेहरा काटकुळ्या नागेशपुढे आक्रसत जातो, हे पाहणं ही वेगळीच मौज आहे. भाषा कळत नसली तरी अडत नाही. मी तो प्रवेश तमिळचा एक शब्द न कळता पाहिला आणि कुठंही अडखळलो नाही, कारण मी पूर्ण वेळ बालय्यांकडे पाहत होतो.

मराठीत हे कथानक आलं महेश कोठारे यांच्या ‘धुमधडाका’मधून, १९८५ साली. अशोक सराफ यांचा ‘व्याख्या विख्खी वुख्खू’ सर्वांच्या ओठावर आहे, त्यामुळे तिथली बापलेकाची जोडी थोडी झाकली जाते. सिनेमाचं वेड लागलेला मुलगा लक्ष्मीकांत बेर्डे, आणि बाप धनाजी वाकडे म्हणजे शरद तळवलकर. बेर्डे तिशीतले, ‘टुरटुर’ नाटकातून नुकतेच लोकांच्या डोळ्यांत भरलेले. तळवलकर सदुसष्टीच्या उंबरठ्यावर, ‘एकच प्याला’तला तळीराम अंगात मुरवलेले. नव्या पोराच्या धबडग्यापुढे जुना नट आपली गती वाढवत नाही. तो जागेवर राहतो आणि बेर्डेंना आपटायला एक भिंत देतो. चेंडू किती उंच उडतो हे भिंतीवरही अवलंबून असतं.

ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याला एवढं महत्त्व येतं, यामागे एक साधं तांत्रिक कारण आहे. रंगभूमीवर हशा पिकला की नट थांबतो, हशा ओसरू देतो, मग पुढचं वाक्य टाकतो. पडद्यावरच्या नटाला प्रेक्षक ऐकू येत नाही. चित्रीकरण चालू असताना सेटवर कुणी हसायचंही नसतं. मग हशासाठी जागा ठेवायची कुठे? ती ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठेवतात. विनोदी वाक्य झालं की समोरच्याचा मूक चेहरा दाखवायचा. थिएटर हसलं तर एकही शब्द वाया जात नाही. नाहीच हसलं तरी पोकळी वाटत नाही, कारण तिथं एक माणूस विचार करताना दिसत असतो. ही जागा किती सेकंदांची, हे दिग्दर्शक आणि संकलक अंदाजानं ठरवतात. ती भरून काढायचं काम मात्र नटालाच करावं लागतं, तेही तोंडातून अक्षर न काढता.

हे कळल्यापासून मी ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) वेगळ्या नजरेनं पाहतो. धनंजय मानेनं घरमालक विश्वासराव सरपोतदारांकडून इस्राईलच्या मधुमेहाच्या औषधासाठी सत्तर रुपये घेतलेत. औषध आलेलं नाही, आणणारा मित्र वारला, आणि त्याच्याबरोबर पैसेही वारले, असा हिशेब धनंजय मांडतो. वसंत सबनीसांनी लिहिलेलं ते वाक्य आज पोरंटोरं बोलून दाखवतात. अशोक सराफ ते टाकतात इतकं सहज, की त्यात जणू गैर काहीच नाही. पुढच्या वेळी ते वाक्य आलं की सराफांकडे बघू नका. सरपोतदार झालेल्या सुधीर जोशींकडे बघा. समोर मृत्यूची बातमी आहे, तेव्हा सभ्य माणसानं हळहळायला हवं. पण सत्तर रुपये आपले होते. हळहळ आणि हिशेब एकाच वेळी एकाच चेहऱ्यावर येऊन उभे राहतात आणि दोघांपैकी कुणीच मागं हटत नाही.