जखम मनाची, निकाल हिशेबाचा

रणांगणावर पाय गमावलेल्या सैनिकाला आपली जखम सिद्ध करावी लागत नाही. ज्याचे मन जायबंदी झाले त्याला मात्र ती सिद्ध करावी लागते. आणि तीही बहुधा ज्या लष्कराच्या सेवेत ती झाली, त्याच लष्कराच्या डॉक्टरांपुढे. अमेरिकेतील सैनिकांच्या मानसिक व्याधीचा प्रश्न या विसंगतीतून उद्भवला आहे.

या व्याधीची नावे बदलत आली आहेत. पहिल्या महायुद्धात तिला ‘शेल शॉक’ म्हणत. रुग्ण फार वाढले तेव्हा, १९१७ मध्ये, ब्रिटिश सैन्याने ‘निदान अद्याप झालेले नाही’ असा शेरा मारण्याचा मार्ग काढला. १९४३ मध्ये सिसिलीतील लष्करी रुग्णालयांत जनरल पॅटन यांनी दोन सैनिकांना भेकड ठरवून थपडा मारल्या. व्हिएतनाममधून परतलेल्यांनी आवाज उठविल्यानंतर, १९८० मध्ये, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ हे निदान अधिकृत केले. दोष सैनिकाच्या स्वभावाचा नसून त्याच्यावर गुदरलेल्या प्रसंगाचा आहे, हे त्यामुळे मान्य झाले.

मान्यतेबरोबर भरपाईची जबाबदारी आली, आणि तेथेच निदानाला हिशेबाचा स्पर्श झाला. नोव्हेंबर २००१ ते जून २००७ या काळात सुमारे २६ हजार अमेरिकन सैनिकांना ‘व्यक्तिमत्त्व विकृती’च्या कारणाखाली सेवामुक्त करण्यात आले. त्यांपैकी सुमारे २,८०० जण इराक-अफगाणिस्तानच्या मोहिमांवर जाऊन आलेले होते. ही विकृती भरतीपूर्वीचीच मानली जात असल्याने तिच्यासाठी अपंगत्व-निवृत्तिवेतन मिळत नाही. यांतील प्रत्येक निदान खोटे होते असे नव्हे. परंतु एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द आला की सरकारचे ऋण फिटते, ही व्यवस्थाच संशयास्पद आहे. २०१२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील मॅडिगन लष्करी रुग्णालयात तेच दिसले. निवृत्तीसाठी आलेल्या अनेक सैनिकांचे मूळ निदान तेथील तज्ज्ञमंडळाने फिरविले होते. अशा एका निदानापायी सरकारला आयुष्यभरात १५ लाख डॉलरपर्यंत खर्च येऊ शकतो, याची आठवण तेथील डॉक्टरांना करून देण्यात आली होती. फेरतपासणीत अनेकांचे मूळ निदान पुन्हा मान्य करावे लागले.

निदान पदरी पडले तरी पुढे गोळ्यांचा प्रश्न उभा राहतो. या व्याधीसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेली औषधे दोनच : सर्ट्रालिन आणि पॅरोक्सेटिन. तथापि इतर अनेक औषधे वर्षानुवर्षे दिली गेली. त्यांपैकी रिस्पेरिडोन हे माजी सैनिकांवरील २०११ च्या चाचणीत, तर दुःस्वप्नांसाठी दिले जाणारे प्राझोसिन २०१८ च्या चाचणीत, औषधविरहित गोळीहून सरस ठरले नाही. २०२३ च्या सरकारी मार्गदर्शिकेने तर औषधांपेक्षा आघाताच्या आठवणींना सामोरे जाण्यास साह्य करणाऱ्या मानसोपचारांना अग्रक्रम दिला.

गोळ्यांनी कित्येकांना आराम पडतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु गोळी मिनिटभरात लिहून होते. ऐकून घेण्यास आठवडे लागतात, प्रशिक्षित माणसे लागतात. सैनिकाला रणांगणावर धाडताना जे राष्ट्र खर्चाचा विचार करीत नाही, त्याने तो परतल्यावर हिशेबाची वही उघडून बसावे, हे न्यायाचे नव्हे. निदान करणारा हात आणि पैसे वाचविणारा हात एकाच देहाचे असू नयेत, हा यातून घ्यावयाचा धडा आहे; आणि तो एकट्या अमेरिकेपुरता नाही.