स्टीमपंक म्हणजे काय? आणि त्याचा बार्शी लाईटशी काय संबंध?

वाफेवर उडणारी जहाजं, पितळी चष्मे लावलेली पोरं, दातेरी चाकांची भलीमोठी यंत्रं. असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. याच प्रकाराला स्टीमपंक म्हणतात.

नेमका प्रकार काय?

वाफेचं युग संपलंच नसतं तर? या प्रश्नातून या गोष्टी जन्मतात. स्टीमपंक हे नाव १९८७ मध्ये अमेरिकन लेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी दिलं. त्यात बऱ्याचदा इतिहासही बदललेला असतो. स्कॉट वेस्टरफेल्ड यांच्या २००९ सालच्या 'लेव्हायथन'मध्ये पहिलं महायुद्ध आहे, पण लढाई चालत्या यंत्रांची आणि प्रयोगशाळेत घडवलेल्या प्राण्यांची. नायक-नायिका किशोरवयीन.

मराठीत असं काही आहे का?

स्टीमपंक नाही, पण बदललेला इतिहास आहे. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना लागणारी गोळी हुकते आणि मराठे पानिपत जिंकतात. खऱ्या इतिहासात १७६१ मध्ये विश्वासराव पडले, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती.

मग वाफ कुठे आहे?

सोलापूर जिल्ह्यात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. रुळांची रुंदी फक्त अडीच फूट. १९०६ मध्ये ही गाडी पंढरपूरला पोहोचली आणि वारकऱ्यांची सोय झाली. पुढे, १९१० मध्ये कॅलथ्रॉप यांचे मित्र, रोल्स-रॉइसवाले चार्ल्स रोल्स विमान अपघातात गेले. त्यानंतर कॅलथ्रॉप यांनी वैमानिकांसाठी 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट बनवलं. कादंबरीत शोभेल असा हा माणूस खरोखर होऊन गेला.

मग गोष्ट कशी होईल?

समजा, पानिपत जिंकलेल्या त्या दुसऱ्या इतिहासात पंढरपूर तालुक्यातल्या करकंबची १६ वर्षांची मुलगी आषाढीला वारकऱ्यांनी भरलेल्या गाडीचं इंजिन हाकतेय. खऱ्या इतिहासात हे शक्य नव्हतं. जमीन इथली, प्रवासी इथले, पण कंपनी ब्रिटिश. ती सरकारच्या ताब्यात आली थेट १९५४ मध्ये.

म्हणूनच आपल्याकडच्या स्टीमपंकमध्ये यंत्र किती भारी आहे, यापेक्षा मोठा प्रश्न असेल, ते यंत्र कोणाच्या हातात आहे?